सेवामंडळे आणि त्यांचे सभासद : सीमाभागाच्या इतिहासातील एक धडा

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी पूर्वेकडे वाहत येते आणि संकेश्वरावरून पुढे जाऊन घटप्रभेस मिळते. नदीकाठच्या या गावाची बाहेर ओळख आहे ती शंकरलिंगाचे प्राचीन देवालय, शंकराचार्यांचा मठ आणि तिखटासाठी नावाजलेली संकेश्वरी मिरची यांमुळे. पुण्याहून बेंगळुरास जाणारा हमरस्ता निपाणी मागे टाकून येथे येतो, आणि गडहिंग्लजकडून कोंकणात उतरणारी वाटही येथूनच फुटते. अशा नाक्यावरच्या गावात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या जाव्यात, आणि घाटाखालून वर आलेल्या कुटुंबांची कोंकणी त्यांत मिसळावी, यात नवल नाही.

या भागात सार्वजनिक कार्याची हौस कधीही कमी नव्हती. देवळाची उत्सव समिती, भजनी मंडळ, तरुण मंडळ, महिला मंडळ, आणि अलीकडच्या काळात परदेशी पद्धतीवर चालणारे सेवा क्लब, असा परिवार प्रत्येक लहानमोठ्या गावात आढळतो. मंडळ स्थापन करणे अवघड नसते. नारळ फुटतो, पाटी लागते, पहिल्या वर्षी सभेस बसावयास जागा पुरत नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी येते, पण माणसे येत नाहीत. तिसऱ्या वर्षी सारा भार चिटणीस आणि खजिनदार अशा दोन जणांच्या खांद्यावर पडतो. आणि त्यांपैकी एक आजारी पडला अथवा मुलाकडे पुण्यास राहावयास गेला, की मंडळाच्या कपाटास कुलूप लागते.

कपाटास कुलूप लागले म्हणजे केवळ एक पाटी निरुपयोगी झाली असे मात्र नव्हे. रात्री दोन वाजता रक्त हवे असता कोणास उठवावे याची यादी त्या कपाटात असते. गरीब विद्यार्थ्यास जूनमध्ये मिळावयाची पुस्तके तेथे असतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईस दवाखान्यात कोणी न्यावयाचे, हे ज्या वहीत लिहिलेले असते, ती वहीही तेथेच असते. म्हणून सभासद मंडळात टिकतो कशाने, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसला तरी वस्तुतः तो गावातील दुबळ्यांच्या आधाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या देवळांत आणि आपल्याच मुलुखाच्या इतिहासात ते विखुरलेले आहे.

प्रथम देवळाचेच पाहू. उत्सवाची पाळी ही आपल्याकडील फार जुनी सोय होय. अमुक दिवसाची पूजा अमुक घराण्याची, अमुक रात्रीची पालखी अमुक वाड्याची, अशी वाटणी ठरलेली असते, आणि पाळी चुकविणे ही घरास कमीपणा आणणारी गोष्ट मानली जाते. गोव्यातील वास्को येथे श्री दामोदर भजनी सप्ताह होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावावर रोगाची साथ आली असता जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून त्याचा आरंभ झाला, असे सांगतात. तेथे अहोरात्र अखंड भजन चालते, आणि निरनिराळ्या व्यवसायांतील समाज आपापले ‘पार’ घेऊन वाजतगाजत येतात. अखंड भजनास एक क्षणही खंड पडू द्यावयाचा नसल्यामुळे पहाटे तीन वाजताही कोणाची तरी पाळी असावीच लागते. भक्ती सर्वांचीच असते. परंतु पहाटे तीन वाजता माणसास अंथरुणातून उठविते ती भक्तीच्या जोडीला असलेली पाळी. ज्याच्या न येण्याने काही अडते, तोच येतो. हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी कोणत्याही नियमावलीवाचून ओळखले होते.

देवळाच्या कारभारातूनच निघून सार्वजनिक कार्यास नवे वळण लावणारी संस्था म्हणजे पुण्याची सार्वजनिक सभा. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयी लोकांत असंतोष होता, आणि ते गाऱ्हाणे सरकारपुढे कोणी व कोणत्या अधिकाराने मांडावे, हा प्रश्न उभा राहिला. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, यांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली. तिचा नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. सभेत बसू इच्छिणाऱ्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असे ठरले. आरंभीचे पंचाण्णव सभासद अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बसले होते.

या एका नियमात केवढे शहाणपण आहे ते पाहावे. सभासद होण्यासाठी माणसास प्रथम पन्नास घरांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सभेत काय झाले, हे त्याला परत जाऊन पन्नास जणांस सांगावे लागे. तो गैरहजर राहिला तर केवळ एक खुर्ची रिकामी राहत नसे, पन्नास लोकांची वाचा बंद होत असे. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे पाठवून पीकपाण्याची व लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. हे तिला शक्य झाले, कारण खेड्यापाड्यांतील लोकांशी तिचा संबंध नुसता व्याख्यानांपुरता राहिलेला नव्हता.

सार्वजनिक सभेचे कार्य मुख्यतः गाऱ्हाणी मांडण्याचे होते. हातांनी करावयाच्या सेवेची शिस्तबद्ध संघटना मात्र आपल्या सीमाभागास दिली ती हुबळीच्या डॉक्टर नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी. धारवाडास १८८९ साली जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायाने वैद्य होते. अमेरिकेत शिक्षण घेत असता त्यांनी लाला लजपतराय यांच्याबरोबर काम केले होते. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात हुबळीकडील स्वयंसेवकांची एक तुकडी गेली. तुरुंगातील छळामुळे अनेकांनी माफी लिहून दिली, परंतु या तुकडीने दिली नाही. स्वयंसेवकास आधी शिक्षण दिले तर तो टिकतो, हे त्यातून पुढाऱ्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षाअखेर काकिनाडा येथील काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवादलाची स्थापना झाली. पंडित जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि प्रत्यक्ष कार्याचा भार हर्डीकरांनी उचलला.

या दलाची खरी कसोटी लागली ती बेळगावात. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी तेथे काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे व्यवस्थेच्या अग्रभागी होते. बेळगाव तेव्हा आजच्यासारखे विस्तारलेले नव्हते. हजारो पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय उघड्या माळावर करावयाची होती. त्या वसाहतीस ‘विजयनगर’ असे नाव दिले गेले. पाण्यासाठी मोठी विहीर खोदण्यात आली, तिला ‘पंपा सरोवर’ म्हटले गेले. तीच आज बेळगावकरांस ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ठाऊक आहे. सेवादलाचे स्वयंसेवक पहारा देत होते, पंगती वाढीत होते आणि सफाईचे कामही आपल्या हातांनी करीत होते.

याच अधिवेशनासाठी उमाबाई कुंदापूर यांनी जे केले ते विशेष स्मरणीय होय. १८९२ साली जन्मलेल्या, माहेरच्या गोळीकेरे असलेल्या उमाबाईंस १९२३ साली वैधव्य आले. हुबळीस भगिनी मंडळ स्थापून त्या स्त्रीशिक्षणाचे काम करीत होत्या. हर्डीकरांच्या सांगण्यावरून त्या कर्नाटकभर हिंडल्या आणि दीडशेहून अधिक स्त्री-स्वयंसेविका त्यांनी जमविल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या काळी विधवेने मंगलकार्यात समोर येऊ नये असा दंडक होता, त्या काळी या बाया हजारो लोकांच्या वसाहतीत उघडपणे वावरल्या. त्यांना कोणी व्यासपीठावर बसविले नव्हते, त्यांना काम दिले होते. आणि ज्या समाजाने त्यांना निरुपयोगी ठरविले होते, त्यालाच आता त्यांच्यावाचून अडत होते. पुढे १९३४ साली बिहारात भूकंप झाला तेव्हाही उमाबाई आपल्या सहकारिणींसह पीडितांच्या सेवेस धावल्या. दहा वर्षांनंतरही बोलावताक्षणी येणारी माणसे वर्गणीच्या पावतीवर मिळत नसतात.

बेळगावची दुसरी एक आठवण मात्र आपणांस अस्वस्थ करणारी आहे, आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे. अधिवेशनात गाणाऱ्यांमध्ये धारवाडची एक लहान मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल या नावाने विख्यात झाली. आपण खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या, तेव्हा जेवणानंतर उष्टी पाने उचलण्याचे काम आपल्यास सांगतात की काय, अशी धास्ती त्या वेळी आपल्या मनात होती, असे गंगूबाईंनी पुढे सांगितले. जेथे स्वयंसेवक स्वतः झाडू हाती घेत होते, तेथेही एका बालिकेच्या मनात ही भीती होती. सेवामंडळात कोणाच्या वाट्यास कोणते काम येते यावरून ते मंडळ खरोखर कोणाचे आहे हे कळते. फुलांची रास ठराविक घरांकडे आणि पत्रावळी उचलणे ठराविक घरांकडे, अशी वाटणी असेल, तर दुसऱ्या प्रकारची घरे हळूहळू दूर होतात, आणि मग ‘सभासद येत नाहीत’ अशी तक्रार करण्यात अर्थ उरत नाही. पाळी ही फिरती असली तरच ती पाळी. एकाच घरावर खिळली की ती वेठ होते.

बेळगावच्या कारभारातील तिसरी गोष्ट हिशेबाची. खर्चाबाबत गांधीजी फार काटेकोर होते. त्यांच्यासाठी बांबू व खादीची झोपडी उभारण्यास साडेतीनशे रुपये लागले म्हणून त्यांनी नापसंती दर्शविली, असे सांगतात. विहिरीस चार हजार तीनशे सत्तर रुपये तीन आणे लागले, आणि सर्व खर्च वजा जाता सातशे त्र्याहत्तर रुपये शिल्लक राहिले, हे आकडे बेळगावात अद्याप सांगितले जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या विहिरीचे तीन आणे लोकांच्या स्मरणात राहावेत, हा उत्तम हिशेबाचा पुरावाच होय. जेथे हिशेब चव्हाट्यावर वाचला जातो, तेथे ज्याने आठ आणे दिले त्यालाही विहीर आपलीच वाटते.

सेवादलास पुढे दीर्घायुष्य लाभले नाही. १९३२ साली सरकारने त्यावर बंदी घातली. दल म्हणून जे होते ते मोडले. परंतु त्यातील माणसे व त्यांच्या हातांस लागलेले वळण मोडले नाही. घटप्रभा येथे १९३० च्या सुमारास हर्डीकरांनी डॉक्टर कोकटनूर यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह आरोग्यधाम उभारले होते. संकेश्वरची हिरण्यकेशी ज्या नदीस जाऊन मिळते, तिचेच नाव या ठिकाणास आहे. बंदीने गणवेश गेला, कवायत गेली. पण खेड्यातील रोग्यास औषध मिळण्याची सोय राहिली. हर्डीकर पुढे राज्यसभेचे सदस्य झाले, १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९७५ साली ते निवर्तले. तथापि या भागातील सामान्य माणसाने त्यांना ओळखले ते घटप्रभेचे डॉक्टर म्हणून.

आता परदेशी पद्धतीच्या सेवा क्लबांकडे वळू. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नामक वकिलाने तिघा स्नेह्यांस जमवून रोटरीचा आरंभ केला. सभा प्रत्येकाच्या कचेरीत पाळीपाळीने भरे, म्हणूनच तिला ‘रोटरी’ म्हणजे फिरती हे नाव मिळाले. आपल्या पाळीशी हे किती जुळते! प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घ्यावा, म्हणजे धंद्यातील चढाओढ सभेत शिरणार नाही, असा त्यांचा आरंभीचा संकेत होता. पहिली काही वर्षे परस्परांच्या ओळखीत व धंद्याच्या देवघेवीत गेली. मग शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारावे यासाठी या मंडळींनी खटपट केली, आणि तेथून क्लब सेवेकडे वळला. मोठमोठ्या संकल्पांनी आरंभ न करता रस्त्यावरच्या माणसाच्या साध्या अडचणीस हात घातला, यात त्यांच्या यशाचे रहस्य आहे. भारतात कलकत्त्याच्या क्लबास १९२० साली मान्यता मिळाली. १९१७ साली स्थापन झालेली लायन्स ही संस्था १९५६ साली भारतात आली.

रोटरीने हजेरीचा नियम फार कडक ठेवला होता. लागोपाठ चार सभांस गैरहजर राहणाऱ्याचे सभासदत्व जाई. मात्र परगावी गेलेल्यास तेथील क्लबात बसून हजेरी भरून काढता येई. हा नियम एक शतक बहुतांशी टिकला आणि २०१६ साली शिथिल झाला. नुसत्या हजेरीने माणूस बांधला जात नाही, हे अनुभवाने पटले असावे. त्याच्या उलट १९८५ साली रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम अंगावर घेतले, तेव्हा ठिकठिकाणचे सभासद लसीकरणाच्या केंद्रांवर उभे राहिले. सरकारी आरोग्यसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि असंख्य स्वयंसेवक यांच्या एकत्रित परिश्रमाने भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या सभासदाने एका तरी बालकाच्या तोंडात दोन थेंब घातले, त्याला क्लबात का यावे हे समजावून सांगावे लागले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रोटरीने आपल्या नियमांतून स्त्रियांस सभासदत्व खुले केले ते १९८९ साली. बेळगावात दीडशे स्त्री-स्वयंसेविका काम करून गेल्यास त्या वेळी पासष्ट वर्षे झाली होती. सर्वच गोष्टी आपण बाहेरून शिकाव्यात अशी आपली स्थिती नाही.

संकेश्वरच्या मंडळींस तर सभासदत्वाचा एक धडा घरच्या दिव्यातच मिळतो. १९६९ साली देशात प्रयोगादाखल पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था स्थापन झाल्या; त्यांत हुक्केरी तालुक्याची एक होती. महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा ही तिच्याच पिढीची संस्था. तिच्याकडील वीजवितरणाचे काम २०११ साली संपले. हुक्केरीची संस्था आजही वीज पुरवीत आहे. तिचा ग्राहक हाच तिचा सभासद असल्यामुळे दिवा विझला तर तो कोणाकडे बोट दाखविणार? बोट फिरून स्वतःकडेच येते. सहकारी संस्थेत राजकारण शिरते, निवडणुकीत चुरस होते, हे खरे. परंतु चुरस होते तेथे निदान लोकांस संस्था आपली वाटते, एवढे तरी निश्चित. ज्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी कोणी पुढेच येत नाही, त्याची चिंता अधिक करावी.

या सर्व उदाहरणांतून जे सूत्र हाती येते ते असे. सभासद वर्गणीने मंडळात शिरतो, पण राहतो तो वाट्यास आलेल्या कामाने. वर्गणी दिली की आपले कर्तव्य संपले, असे मनास सांगता येते. वाट्याचे काम मात्र माणसास आठवण करून देत राहते. ते काम लहान असावे, नेमके असावे, आणि न केल्यास कोणाचे तरी अडावे असे असावे. ‘समाजसेवेत सहभागी व्हा’ असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अमुक आजींची औषधे आणून द्यावयाची’ असे एकदा सांगणे अधिक फलदायी होते.

येथे एक रास्त शंका येईल. आज घरातील तरुण मुले पुण्यास, मुंबईस, बेंगळुरास आणि आखातात आहेत. गावी उरले आहेत ते वयस्क लोक. मग पाळी कोणी घ्यावी? परगावी राहणारा माणूस जत्रेस येतो, देणगी देतो आणि फलकावर नाव पाहून परत जातो. तेवढ्याने त्याचे नाते टिकत नाही. त्यालाही काम द्यावे. गावातील एका विद्यार्थ्याची वर्षभर चौकशी करणे, परीक्षेच्या दिवसांत त्याच्याशी दर आठवड्यास बोलणे, पुण्यास उपचारासाठी आलेल्या गावच्या रोग्यास दवाखान्यात भेटणे, ही कामे दूर असलेला माणूसच अधिक चांगली करील. सार्वजनिक सभेच्या सभासदाने पन्नास घरे सांभाळली. आपण प्रत्येकाने पाच सांभाळली तरी गावात कोणाचे दार अनोळखी राहणार नाही. वयस्कांसही निरुपयोगी समजू नये. विधवांना निरुपयोगी ठरविणाऱ्या काळात उमाबाईंनी त्यांच्यातूनच स्वयंसेविका उभ्या केल्या, हे विसरता कामा नये.

कार्यवाहाने स्वतःच सर्व करण्याचा मोह आवरला पाहिजे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. मंडळे आळशी सभासदांमुळे बुडतात, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती कर्तबगार चिटणिसामुळेही बुडतात. तो इतके चोख काम करतो की दुसऱ्या कोणास हात लावावयास जागाच उरत नाही, आणि तो गेला म्हणजे किल्ली कोठे आहे हेही कोणास ठाऊक नसते. हर्डीकरांनी आधी माणसांस शिकविले आणि मग कामे दिली; म्हणून बंदीनंतरही कार्य थांबले नाही.

तेव्हा येत्या पाडव्यास आपापल्या मंडळांनी एक साधी वही घालावी. डाव्या पानावर सभासदाचे नाव, त्याचे काम व त्याची पाळी लिहावी. उजव्या पानावर आलेला व गेलेला पैसा आण्यापाईपर्यंत मांडावा. वर्षाअखेर ती वही देवळाच्या सभामंडपात, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, संपूर्ण वाचावी, आणि वाचून झाल्यावर कामांची पाळी फिरवावी. यासाठी देणगीदार शोधावा लागत नाही की पाहुणे बोलवावे लागत नाहीत. ज्याचे नाव डाव्या पानावर आहे, तो मंडळाचा सभासद. आणि एकही नाव कामावाचून राहू न देणे, एवढेच चिटणिसाचे पहिले काम.